जॉर्जियन काळातील घरगुती व्यंगचित्रे

प्रश्न : जॉर्जियन काळातील (जॉर्ज नावाच्या राजांच्या, साधारण १७१४ ते १८३० या काळातील) इंग्लंडच्या छापील व्यंगचित्रांत घरातले प्रसंगही रंगवलेले दिसतात. त्यांना तत्कालीन गृहजीवनाचा पुरावा मानता येईल का?

उत्तर : मानता येईल, मात्र तारतम्याने. इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांची १८०५ मधील दोन जोडचित्रे पाहावीत. पहिल्यात तरुणी हार्प हे तंतुवाद्य वाजवते आहे आणि तिचा प्रियकर तिच्यासोबत गातो आहे. दुसऱ्यात तीच स्त्री लग्नानंतर पियानोवर तारस्वरात गात असताना नवरा तिच्याकडे पाठ फिरवून, एक कान झाकून वर्तमानपत्रात डोके खुपसून बसला आहे आणि दाई रडणारे मूल घेऊन खोलीत शिरते आहे. येथे स्वभाव अतिशयोक्त आहेत, पण न्याहारीचे टेबल, पोशाख आणि सामानसुमान ओळखीचे वाटल्याशिवाय ग्राहकाला हसू आले नसते, म्हणून वस्तूंच्या बाबतीत ही चित्रे मला बरीच विश्वसनीय वाटतात.

त्यांच्या आधीचे इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ यांची पैसा आणि प्रतिष्ठेसाठी जुळवलेल्या विवाहावरील सहा चित्रांची मालिका १७४५ मध्ये छापील स्वरूपात आली. त्याआधी, १७३५ च्या कायद्याने, कोरीव ठशांवरून छापलेल्या चित्रांना नकलेपासून १४ वर्षांचे संरक्षण मिळाले होते आणि त्यासाठी होगार्थ स्वतः झटले होते.

लंडनमध्ये गिलरे हॅना हम्फ्री यांच्या चित्रविक्रीच्या दुकानाच्या वरच राहत. काचेतून चित्रे कोणालाही पाहता येत, पण विकत घेणारे बहुतेक सुखवस्तू असत. त्यामुळे नोकरांचे जीवन त्यांत प्रामुख्याने मालकांच्या नजरेतूनच आले आहे, ही मर्यादा मला सर्वांत मोठी वाटते.