रामप्रसादची मिशी घामात सुटते

प्रश्न : शिमग्याला वाडीच्या मांडावर एक विनोदी प्रहसन करतोय. कल्पना १९७९च्या ‘गोलमाल’वरून सुचली : नट एकच, पण एका भावाला मिशी, दुसऱ्याला नाही. तालमीत मिशी दहा मिनिटांत सुटते. काय चुकतंय? – हौशी नाट्यमंडळी, देवगड तालुका

उत्तर : दोष बहुधा मिशीत नाही, ओठावरच्या तेलात आणि लावण्याच्या घाईत आहे. मिशी चिकटवायचा स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ. अल्कोहोल उडाल्यावरच ती धरते. ओल्या गमवर मिशी दाबलीत की ती सरकते, आणि खालून घाम सुटला की उरलंसुरलं चिकटणंही जातं.

नटाने दाढी आदल्या रात्री करावी. ताज्या वस्तऱ्यावर गम झोंबतो. गम नवीन असेल तर दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. प्रयोगाआधी तोंड साबणाने धुवा, वरचा ओठ स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पूर्ण सुकू द्या. रंग इतर चेहऱ्याला लावा, मिशीची जागा कोरी ठेवा. मग गमचा पातळ हात द्या आणि बोटाच्या टोकाने टपटप करत राहा. बोट उचलताना बारीक तार येऊ लागली की मिशी ठेवायची. ओलसर, धागे न सुटणाऱ्या फडक्याने मधून कडांकडे अर्धा मिनिट दाबा.

मिशी शक्यतो जाळीवर विणलेली घ्या आणि नाकाखालच्या खाचेत कापून तिचे दोन तुकडे करा. अखंड मिशी हसताना मधून उचलली जाते. हसल्यावर गालाला पडणाऱ्या घडीवर गम नको, कोपरे तिथूनच सुटतात. प्रवेशाआधी गरम चहा टाळा, वाफेने कडा उकलतात.

आता अवघड भाग. चित्रपटात रामप्रसाद नोकरीसाठी खोटं बोलतो, पकडला गेल्यावर जुळा लक्ष्मणप्रसाद उभा करतो, स्वतःची मिशी काढतो आणि ऑफिसात खोटी लावून जातो. अमोल पालेकरांना पुढचं दृश्य सुरू व्हायच्या आत हवा तेवढा वेळ मिळतो, तुमच्या नटाला विंगेत मोजून वीस सेकंद. मिशी काढायला पाच सेकंद पुरतात, गमने लावायला दोन मिनिटं लागतात. म्हणून अदलाबदल असलेल्या प्रवेशांत गम वापरूच नका. विग लावायच्या दुहेरी टेपचे अर्ध्या इंचाचे तीन तुकडे लावलेल्या चार मिशा आरशावर चिकटवून तयार ठेवा. उतरवलेली मिशी पुन्हा लावू नका, तिच्या टेपवर घाम आणि पावडर बसलेली असते. संहिताही तशीच बांधा : मिशीवाला दरवेळी लांब प्रवेशानंतर यावा. मागच्या रांगेला बारीक मिशी दिसत नाही, ती दीडपट जाड हवी. आणि फरक केवळ मिशीवर सोडू नका. चित्रपटात रामप्रसादचा आखूड कुर्ता आणि शुद्ध हिंदी अर्धं काम करतात.

गम स्पिरिटने, कडेकडून, सावकाश सोडवा, मग खोबरेल लावा. बाटली समईपासून लांब ठेवा, ती पेट घेते.

प्रश्न : चाकरमानी जमलेले असताना हाच चित्रपट खळ्यात दाखवायचा आहे. काय सांभाळावं? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आधी हक्कधारकाची परवानगी. जाहीर खेळाला विकत घेतलेली डीव्हीडी किंवा ओटीटीची वर्गणी पुरत नाही. चित्रपट जवळपास दोन तास २४ मिनिटांचा धरा. सव्वासातला सुरू केला आणि दहा मिनिटांचं मध्यंतर घेतलं तरी लाउडस्पीकरच्या रात्री दहाच्या मर्यादेआत संपतो.

आठ फूट रुंद पडद्याला निदान दोन हजार लुमेनचा प्रोजेक्टर हवा. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो, दुहेरी जाड कापड घ्या आणि पोफळीच्या वाशांना चारही बाजूंनी ताणा, खाडीकडून वारं आलं की ते शिडासारखं फुगतं. चेहरे रुंद दिसत असतील तर प्रोजेक्टरवर चित्र ताणलं गेलंय, मूळ चौकट निवडा. सगळ्यात महत्त्वाचा आवाज. उत्पल दत्त रामप्रसादचा मालक भवानीशंकर म्हणून संवाद कधी ओठात चघळतात, कधी एकदम फोडतात. स्पीकर पडद्याजवळ कानाच्या उंचीवर ठेवा आणि बास कमी करा, नाहीतर संवादलेखक राही मासूम रझांची वाक्यं घुमण्यात बुडतील. दंव पडू लागलं की प्रोजेक्टरवर मांडवाचं छप्पर हवंच, पण मागची हवा कोंडू नका.

प्रश्न : २००६चा ‘गोलमाल’ याचाच पुढचा भाग का? – एक वाचक, राजापूर

उत्तर : नाही. नावाखेरीज संबंध नाही. हृषीकेश मुखर्जींच्या १९७९च्या चित्रपटावरून तमिळमध्ये १९८१ला रजनीकांतचा ‘थिल्लू मुल्लू’ झाला, हिंदीत २०१२चा ‘बोल बच्चन’.