फ्री डिलिव्हरीसाठी तीन वर्षांची मेंबरशिप आत्ताच भरून टाकू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंनी लिहिलंय की त्या ज्या ऑनलाइन स्टोअरच्या मेंबर आहेत तिथली वर्षाची मेंबरशिप संपत आलीय, आणि स्टोअरने ऑफर दिलीय की तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर फक्त अडीच वर्षांची फी लागेल. त्यांना भीती ही की फी वाढत जाणार, फ्री डिलिव्हरी हळूहळू बंद होणार, मग आत्ताच लॉक करून टाकलेलं काय वाईट. गेल्या वर्षी ६४ ऑर्डर झाल्या, वर्षाची फी साधारण १५ डिलिव्हरी चार्जएवढी पडते, म्हणजे ४९ डिलिव्हऱ्या फुकटात झाल्या असं त्यांचं गणित. सोबत मिळणारे व्हिडिओ, गाणी वगैरे त्या बघत-ऐकत नाहीत. ऑर्डरची पूर्ण लिस्ट तारखांसकट पाठवलीय, त्याबद्दल मनापासून थँक्यू, कारण बरेच जण नुसतं "घेऊ का?" एवढंच विचारतात आणि मग मला अंदाजपंचे बोलावं लागतं.

ताई, उत्तर आधीच देऊन टाकतो. तीन वर्षांची घेऊ नका. वर्षाचीही नको, पण त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

आधी तुमची भीती बघू, कारण ती अर्धी खरी आहे. फ्री डिलिव्हरी एका दिवशी बंद झाली अशी घोषणा बहुतेक कुठलंही मोठं स्टोअर करणार नाही. तसं केलं तर मेंबर जातील, आणि मेंबर हेच तर त्यांचं खरं भांडवल आहे. एकदा फी भरली की माणूस दुसरीकडे भाव बघायचंच सोडून देतो, "आपलं तिथे डिलिव्हरी फुकट आहे ना" म्हणून सगळं तिथूनच मागवतो. त्यामुळे डिलिव्हरीचा तोटा त्यांच्या दृष्टीने तोटा नसतोच, गिऱ्हाईक बांधून ठेवायचा खर्च असतो तो. बदलतात त्या अटी. आणि त्या अशा बदलतात की प्रत्येक वेळी वाटतं जाऊ दे, एवढंच तर आहे.

ॲमेझॉनचंच बघा, कारण त्यांचा इतिहास सगळ्यात लांब आणि उघड आहे. अमेरिकेत प्राइम सुरू झालं २००५ च्या फेब्रुवारीत, वर्षाला ७९ डॉलर, दोन दिवसांत फ्री डिलिव्हरी. नऊ वर्षं फी हलली नाही. मग २०१४ ला ९९, २०१८ ला ११९, २०२२ ला १३९. म्हणजे फी वाढणार ही तुमची भीती बरोबर आहे, पण त्याच काळात डिलिव्हरी बंद झाली नाही, उलट २०१९ पासून दोन दिवसांची एका दिवसावर आणायला सुरुवात झाली. आक्रसलं ते कडेकडेने. २०२३ च्या फेब्रुवारीत मेंबरांसाठी किराण्याच्या फ्री डिलिव्हरीची किमान ऑर्डर ३५ डॉलरवरून थेट १५० वर नेली, मग ओरड झाली आणि त्याच वर्षी १०० वर आणली. ऑर्डर केली त्याच दिवशी डिलिव्हरी हवी असेल तर २५ डॉलरच्या खालच्या ऑर्डरला मेंबरलाही चार्ज. २०२४ च्या जानेवारीत व्हिडिओत जाहिराती आल्या, त्या नको असतील तर महिन्याला वेगळे पैसे. आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून वेगळ्या पत्त्यावर राहणाऱ्या माणसाला आपल्या मेंबरशिपवर फ्री डिलिव्हरी देण्याची सोय काढून टाकली.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहितोय कारण तुमच्या लिस्टमध्ये १० ऑर्डर बहिणीने तुमच्या मेंबरशिपवर तिच्या पत्त्यावर मागवलेल्या दिसतायत. तुमच्या स्टोअरमध्ये अजून चालतंय, छान आहे, पण तीन वर्षं चालेल हे धरून पैसे भरायचे का, ते तुम्हीच सांगा.

आता हे असं का होतं, त्याचं उत्तर त्यांच्याच वार्षिक हिशोबात आहे. २०२४ मध्ये ॲमेझॉनचा शिपिंगचा खर्च ९,५८० कोटी डॉलर होता आणि मेंबरशिप-सबस्क्रिप्शन मिळून आलेले पैसे ४,४४० कोटी, म्हणजे निम्म्याहून कमी. यातला सगळा शिपिंग खर्च मेंबरांचाच नाही आणि सगळी फी डिलिव्हरीसाठीच नाही, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, पण फीमधून डिलिव्हरी निघत नाही एवढं तरी दिसतं. मग बाकीचे कोण भरतं? तिथे माल विकणारे विक्रेते भरतात, त्यांच्याकडून घेतलेलं कमिशन आणि गोदाम-शिपिंगचे चार्जेस, आणि जाहिराती, ज्यांचे त्याच वर्षी ५,६२० कोटी आले. विक्रेता हे पैसे खिशातून थोडीच घालणार, तो किमतीत टाकतो. म्हणजे तुम्ही फीही भरता आणि वस्तूच्या किमतीतून डिलिव्हरीचा काही भाग परत भरता, फक्त बिलावर शिपिंगच्या पुढे शून्य दिसतं. आणि हे शून्य फार जबरदस्त असतं, त्याच्यापुढे आपण वस्तूची किंमत दुसरीकडे बघायची विसरतो.

यात सगळ्यात महाग भाग म्हणजे शेवटचा टप्पा, गोदामातून तुमच्या दारापर्यंतचा. डिलिव्हरीवाला एका दारात थांबला की त्याचा वेळ आणि इंधन जवळपास तेवढंच जातं, पिशवीत एक वस्तू असो की सहा. म्हणून छोट्या-छोट्या सुट्या ऑर्डर त्यांना सगळ्यात जड जातात, आणि कात्री लागली तर तिथेच लागणार: किमान ऑर्डर, ठरलेल्या एकाच वारी डिलिव्हरी, घाई नसेल तर पॉइंट, रिटर्नला चार्ज. तुमच्या लिस्टमध्ये नेमक्या अशाच ऑर्डर जास्त आहेत.

(कधी कधी तर कंपनी नाही, कायदाच आडवा येतो. फ्रान्समध्ये २०१४ च्या कायद्याने पुस्तकांवर ऑनलाइन फ्री डिलिव्हरीला बंदी आली तेव्हा ॲमेझॉनने एक सेंट चार्ज लावून वाट काढली, मग सरकारने २०२३ च्या ऑक्टोबरपासून ३५ युरोखालच्या पुस्तकांच्या ऑर्डरला किमान ३ युरो शिपिंग सक्तीचं केलं, का तर छोटी पुस्तकांची दुकानं टिकावीत. मेंबर असा नाहीतर नसा.)

आणि उलटंही होतं, जे लॉक करणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही. वॉलमार्टने ४९ डॉलर वर्षाला अशी शिपिंगपास नावाची मेंबरशिप चालवली होती, २०१७ च्या जानेवारीत ती गुंडाळली आणि ३५ डॉलरच्या पुढे दोन दिवसांची डिलिव्हरी सगळ्यांनाच फुकट केली, मेंबरशिपशिवाय. त्यांनी फी परत दिली, हे चांगलं केलं. बेस्ट बाय या तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या साखळीने २०२३ मध्ये फुकटात नाव नोंदवलं तरी फ्री शिपिंग असं केलं. म्हणजे तीन वर्षांत तुम्ही ज्याचे पैसे आगाऊ भरलेत ते शेजारच्याला फुकट मिळतंय असंही होऊ शकतं.

तर मुद्दा असा की तुम्ही लॉक काय करताय ते बघा. तुमच्या बाजूची फी लॉक होतेय. त्यांच्या बाजूचा फायदा लॉक होत नाहीये. मेंबरशिपच्या नियमांत बहुतेक ठिकाणी हे वाक्य असतंच की फायदे आणि अटी कंपनी कधीही बदलू शकते, तुमच्याही असणार, शोधून बघा, खाली कुठेतरी बारीक अक्षरात सापडेल. त्यामुळे फी वाढण्याची भीती असेल तर ही ऑफर थोडी मदत करते, पण फ्री डिलिव्हरी जाण्याची भीती असेल तर ही ऑफर घेणं म्हणजे नेमकं उलटं पाऊल. ज्याचा फायदा कमी होईल असं वाटतं त्याचे पैसे आधी कशाला भरायचे?

शिवाय आगाऊ भरलेले पैसे म्हणजे तुम्ही दुकानाला दिलेलं बिनव्याजी, बिनतारण कर्ज. बेड बाथ अँड बियाँड ही अमेरिकेतली घरगुती सामान विकणारी, पेड मेंबरशिप चालवणारी मोठी कंपनी होती, २०२३ च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तीन दिवसांत कूपन घेणं बंद. तुमचं स्टोअर बुडेल असं मी म्हणत नाहीये, पण अशा वेळी पैसे परत घ्यायच्या रांगेत गिऱ्हाईक बँकांच्या पुष्कळ मागे उभं असतं.

आकड्यांत सांगतो. तीन वर्षं टिकलात तर वाचते अर्ध्या वर्षाची फी. पहिल्या वर्षानंतर कंटाळलात किंवा अटी बदलल्या आणि सोडावं लागलं तर जाते दीड वर्षाची. म्हणजे वर्षानंतर सोडण्याची शक्यता चारात एकपेक्षा जास्त असेल तर सौदा तोट्याचा. दुसऱ्या वर्षापासून फी २० टक्क्यांनी वाढेल असं धरलं तरी ही रेषा सरकून आठात तीनपर्यंतच जाते. तुम्हीच पत्रात लिहिलंय की पुढच्या वर्षी नोकरी बदलण्याचा, कदाचित शहर बदलण्याचा विचार आहे. मग मी तरी शक्यता चारात एकच्या खाली धरणार नाही.

आता वर्षाच्या मेंबरशिपकडे येतो, आणि इथे तुमच्या ४९ फुकट डिलिव्हऱ्यांचं काय होतं ते बघा, जरा कडू आहे. ६४ पैकी २३ ऑर्डर बिगर-मेंबरच्या किमान रकमेच्या वर होत्या, त्या तुम्हाला तशाही फुकटच आल्या असत्या, त्याचं श्रेय मेंबरशिपला देता येत नाही. उरल्या ४१. त्यातल्या २९ अशा की त्याच आठवड्यात आधी किंवा नंतर दुसरी ऑर्डर आहे, म्हणजे थांबून एकत्र मागवल्या असत्या तर चार्ज लागला नसता: मोबाइलचं कव्हर सोमवारी, केबल बुधवारी, स्क्रीनगार्ड शुक्रवारी. हा तुमचा दोष नाही, बुफेत पैसे आधी भरलेले असले की ताट जरा जास्तच भरलं जातं, तसंच आहे हे, आणि स्टोअरला तेच हवं असतं. मेंबर नसतात तर तुम्ही आपोआप कार्टमध्ये टाकून ठेवलं असतं आणि, माझा अनुभव सांगतो, त्यातल्या बऱ्याच वस्तू दोन दिवसांनी काढून टाकल्या असत्या. न घेतलेल्या वस्तूंची बचत तर मी धरलीच नाहीये.

खरोखर छोट्या आणि खरोखर घाईच्या ऑर्डर उरतात १२. फी १५ चार्जएवढी. म्हणजे नुसत्या डिलिव्हरीसाठी बघितलं तर मेंबरशिप तीन चार्जने तोट्यात आहे, आणि बाकीचे फायदे तुम्ही वापरत नाही म्हणता, म्हणून त्यांची किंमत माझ्या हिशोबात शून्य, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असू दे.

पण लिस्ट बघताना एक गंमत दिसली. त्या १२ पैकी ८ ऑर्डर दोनच महिन्यांत आहेत, घर बदललं तेव्हाच्या. तुमच्या स्टोअरला महिन्याचाही प्लॅन आहे आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे नऊ महिन्यांची फी म्हणजे एक वर्षाची, म्हणजे एक महिना साधारण पावणेदोन चार्जला पडतो. मग ते दोन महिने महिन्याची मेंबरशिप घ्यायची, बाकी चार ऑर्डरला सरळ डिलिव्हरी चार्ज द्यायचा. सगळं मिळून साडेसात चार्जसुद्धा होत नाहीत, १५ च्या जागी. साधा नियम लक्षात ठेवा, ज्या महिन्यात दोन किंवा जास्त घाईच्या छोट्या ऑर्डर दिसतायत तो महिना घ्या, नाहीतर नको.

यात एकच धोका आहे, महिन्याची मेंबरशिप बंद करायची राहून जाते. आणि हा नुसता आपला विसराळूपणा नसतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ॲमेझॉनवर खटला भरला होता की लोकांना नकळत प्राइममध्ये घेतलं जातं आणि बाहेर पडणं मुद्दाम अवघड केलंय. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने २५० कोटी डॉलरवर तडजोड केली, त्यातले १५० कोटी गिऱ्हाइकांना परत द्यायचे. तेव्हा घ्याल त्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-रिन्यू बंद करून टाका, बहुतेक ठिकाणी महिना संपेपर्यंत फायदे चालू राहतात. रिमाइंडरवर भरवसा ठेवू नका, तो आपण स्वाइप करतो.

माझं मत बदलू शकेल अशी एक गोष्ट आहे. घरात बाळ येणार असेल, किंवा आजारी माणसाची जबाबदारी असेल, किंवा जिथे दुकान लांब आहे अशा ठिकाणी राहायला जाणार असाल तर घाईच्या ऑर्डर १२ च्या २५ सहज होतील, मग वर्षाची घ्या, बिनधास्त. तीन वर्षांची तेव्हाही नाही.

ऑफरच्या पानावर काउंटडाउन चालू आहे म्हणता, तो संपू दे. त्याआधी फक्त एक काम करा, त्यांच्या कस्टमर केअरला चॅटवर विचारा की तीन वर्षांची घेऊन मध्येच बंद केली किंवा तुम्ही डिलिव्हरीच्या अटी बदलल्या तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का. तोंडी उत्तर नको, चॅटचा स्क्रीनशॉट ठेवा. "हो, महिन्यांच्या हिशोबाने परत" असं लेखी आलं तर मला परत लिहा, कारण मग दीड वर्षाची फी जाण्याचा धोका उरत नाही आणि गणित नव्याने मांडावं लागेल.