मोठ्या स्केलचं विमानाचं मॉडेल घरी बनवायचंय. सामान कुठून आणू, खर्च किती येतो आणि फोटोत दिसतात तशा पॅनेल लाइन्स काळ्या कशा करू?

सामान आणि खर्चाचं शेवटी सांगतो, लक्षात राहिलं तर. आधी त्या रेषांचं बोलू, कारण तिथंच तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय.

काळ्या करू नका.

हिशेब साधा आहे. खऱ्या विमानात दोन पत्र्यांमधली फट मिलिमीटरभर धरा. 1/16 ला, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाच्या मॉडेलवर, ती होते 0.06 मिमी, म्हणजे डोक्यावरच्या केसाएवढी. 1/32 ला त्याच्याही निम्मी. तुम्ही 0.3 मिमीच्या पेनानं रेष ओढलीत, की 1/32 च्या हिशेबानं खऱ्या विमानाला जवळजवळ सेंटिमीटरभर फट पाडलीत. करंगळी जाईल आत. असं विमान कुणी उडवेल का?

हे शहाणपण मला कुठं वाचून आलेलं नाही. मीही रेषा ओढल्या होत्या. तीन रविवार घालून, पट्टी धरून, श्वास रोखून.

मी उदगीरचा. बीदरचा एअरफोर्सचा तळ इथून तासा-दीड तासावर. 1996 ला हवाई कसरती करणारी सूर्यकिरण टीम तिथं सुरू झाली आणि 2011 पर्यंत त्यांच्याकडं किरण मार्क 2 विमानं होती, लाल-पांढरी. आता हॉक आहेत, पण माझा जीव किरणवर. आवाज आला की फळ्याकडं पाठ करून मीच पोरांच्या आधी खिडकीशी. त्यामुळं बनवायचं तर किरणच, हे ठरलेलं होतं. 1964 मध्ये पहिल्यांदा उडालेलं, आपल्याच एचएएलनं बनवलेलं विमान, दोघं शेजारी शेजारी बसतात असं. बाजारात स्पिटफायर, मस्टँग, मिग ढिगानं आहेत. किरणचं मोठं किट, म्हणजे जोडायच्या तयार तुकड्यांचा डबा, मला कधी सापडलं नाही. मग फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्डचे, म्हणजे जाहिरातीच्या हलक्या फोमच्या बोर्डाचे तुकडे आणले आणि 1/16 मध्ये सुरुवात केली. पंखांचा खरा विस्तार 10.7 मीटर, म्हणजे मॉडेल 67 सेंटिमीटर. कपाटात मावत नाही. हे सुरू करायच्या आधी मोजावं, नंतर नाही.

सनबोर्डच्या आडव्या चकत्या, त्यावर पातळ प्लॅस्टिक शीटची कातडी, सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, आणि मग घासणं. सगळा वेळ घासण्यात जातो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्याकडंही टँकरकडं डोळे लागलेले. त्या दिवसांत मी पाणीपेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिशपेपर, बादलीत बुडवला असता, तर बायकोनं मला विमानासकट घराबाहेर काढलं असतं. काम पावसाळ्यापर्यंत बंद.

कॉकपिटवरच्या काचेनं सगळ्यात जास्त छळलं. सागाचा ठोकळा त्या आकारात कोरायचा, त्याला लांबी भरून आरशासारखा घोटायचा, कारण लाकडाची रेघ जशीच्या तशी प्लॅस्टिकवर उमटते. मग दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ कापून ठोकळा आत सारायचा, मागून पाचर मारायची आणि हीट गननं लांबून शेक द्यायचा. बाटली आक्रसत ठोकळ्याला घट्ट बसते. जरा शेक जास्त झाला की दुधासारखी पांढरी पडते आणि गेली. माझ्या सात गेल्या. कोल्ड्रिंक भाच्यांनी संपवलं, त्यांची काही तक्रार नव्हती. आठवी जमली. ती बसवायला फेविकॉल वापरा, फेविक्विक काचेच्या आसपास फिरकू देऊ नका. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरट साय धरते.

तर असं ते तयार झालं, रेषाबिषा ओढून, आणि मी अण्णांना बोलावलं. अण्णा एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पत्रे सांभाळणारे, वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झालेले, आता देवणीकडं शेती करतात. बीदरला असताना किरणवर हात चाललेला माणूस. मला वाटलं, पाठीवर थाप पडणार.

अण्णांनी चहा संपवला, चष्मा लावला आणि टेबलापुढं चक्क उकिडवे बसले, डोळे चाकांच्या पातळीला आणून. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“मास्तर, हे विमान जमिनीवर उभंय का हवेत?”

“जमिनीवर, अण्णा.”

“मग पाय असे ताठ कामून?”

चाकाच्या दांड्यात ओलिओ असतो, आपल्या गाडीच्या शॉकअप्सॉर्बरसारखा. विमानाचं वजन आलं की तो दबतो आणि चकचकीत नळी थोडीशीच बाहेर दिसते. मी फोटो बघून केलेला पाय उड्डाणानंतरचा होता, पूर्ण लांबलेला. मग त्यांनी पिटो ट्यूबवरच्या, म्हणजे विमानाचा वेग मोजणाऱ्या नळीवरच्या, लाल फितीकडं बोट केलं. ती फीत विमान उभं असताना लावतात, उडण्याआधी काढतात. आणि आत माझा पायलट हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसलेला. “याला मारता का?” म्हणाले.

रेषांचा नंबर शेवटी आला. त्यांनी पंखावरून अंगठा फिरवला. “सांधा डोळ्याला दिसायच्या आधी अंगठ्याला लागतो. एवढ्या फटी असत्या तर मी फॉर्म 700 वर सही केली नसती.” विमान उडायला ठीक आहे अशी सही ज्यावर करतात, तो हा फॉर्म. तेवढं बोलून ते हरभऱ्याच्या भावाकडं वळले. दुसऱ्या दिवशी मी पाणीपेपर घेतला आणि तीन रविवारांचं काम दोन तासांत पुसून टाकलं.

आता साडू. साडू पुण्यात असतो, त्याचाही हाच छंद, पण किटवाला. त्याच वर्षी दिवाळीला आला, विमानाभोवती एक चक्कर मारली आणि सासरच्या सगळ्या मंडळींसमोर म्हणाला, “सपाट दिसतंय रे. खेळण्यासारखं. पॅनेल लाइन्स कुठायत?” मी अण्णांचं सांगितलं. तर म्हणे, फिटरला विमान कळतं, मॉडेल कळत नाही. छोट्या वस्तूवर खऱ्यासारखी सावली पडत नाही, म्हणून ती रंगवून दाखवावी लागते. मी म्हणालो, डब्यातले तुकडे जोडणाऱ्यानं बनवणाऱ्याला शिकवू नये. पुढं फराळाच्या ताटावर दोघंही गप्प. ज्यानं आयुष्यभर त्या विमानाला हात लावला त्याचं ऐकायचं, का दुसऱ्याच्या मॉडेलचा फोटो बघून तिसरं मॉडेल रंगवायचं? तुम्हीच सांगा. तुम्ही फोटोच बघताय म्हणून विचारतोय.

हां, सामान. सनबोर्ड फ्लेक्सच्या दुकानात, उरलेले तुकडे कधी फुकटही देतात. लांबी, प्रायमर, पाणीपेपर गाड्या रंगवणाऱ्याकडं. एअरफोर्सचं तिरंगी चक्र आणि आकडे रंगवायला रेडियम कटिंगवाल्याकडून स्टिकरचे साचे कापून घ्या, नंबर प्लेटवाला पाच मिनिटांत गोल कापून देतो. प्लॅस्टिक शीट मात्र ऑनलाइनच. रंगकाम दिवाळी ते होळी. आमच्याकडच्या मे महिन्यात रंग पृष्ठभागावर पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि पंखावर रवा पडल्यासारखा बसतो. पावसाळ्यात थिनरच्या रंगावर पांढरी झाक येते. खर्चाची वही मी दुसऱ्या महिन्यात बंद केली. तुम्ही सुरूच करू नका, घरात शांतता राहते.

आता थोडं साडूच्या बाजूनं, नाहीतर तो हे वाचेल. पंखांचे फ्लॅप, एलेरॉन, शेपटीचा रडर हे हलणारे भाग आहेत, त्यांच्या फटी खरंच रुंद असतात, तिथं गडद रंग भरा. 1/72 सारख्या इवल्या मॉडेलवर हलकी करडी रेष मलाही खटकत नाही. आपल्याकडच्या सुरुवातीच्या बिनरंगाच्या मिग-21 वर तर पत्रे वेगवेगळे दिसायचेच, पण ते चकाकीतल्या फरकानं. आणि पहिलंच विमान असेल तर सनबोर्डच्या नादी लागू नका, 1/48 चं किट घ्या. मीही आधी चार किटं केली होती. त्यातलं पहिलं साडूनंच दिलं होतं, रंग फवारायचा एअरब्रशही त्याचाच आहे, अजून परत मागितलेला नाही.

आणि अण्णांनी सांगितलेला पुढचा पाय 3 मिमी कापायचा राहिलाय. खऱ्या विमानात ते जवळजवळ पाच सेंटिमीटर होतात. करवत दोनदा हातात घेतली आणि ठेवली. पायलटला मात्र बाहेर काढलं. काच फेविकॉलनं लावलेली होती म्हणून ओल्या फडक्यानं सुटली. तो आता फेविकॉलच्या डबीवर बसलेला असतो, हेल्मेट घालून.