टांझानियात प्राथमिक शाळेत स्वयंसेवक शिक्षक म्हणून तीन आठवडे जावं का?

तीन आठवड्यांसाठी असेल तर नका जाऊ, पण एक पूर्ण सत्र काढता येत असेल तर नक्की जा. मी टांझानियातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत असं राहून आलेय आणि परत संधी मिळाली तर लगेच जाईन, त्यामुळे हे तुम्हाला मागे खेचायला लिहीत नाहीये. तुम्ही लिहिलंय की इंग्रजी चांगलंय, मुलांची आवड आहे, शिकवायचा अनुभव नाही, फी घेऊन पाठवणारी एजन्सी उत्तर टांझानियातल्या अरुशा शहराजवळची शाळा देणारे, जून महिन्यात, आणि व्हिसा टुरिस्टचा चालेल म्हणतायत.

पहिलं म्हणजे जून. तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपतं आणि मधली मोठी सुट्टी साधारण जूनमध्येच येते, म्हणजे तुमच्या तीन आठवड्यांतले बरेच दिवस शाळेला कुलूप असणार. मग आलेल्या लोकांना कुठेतरी गुंतवायचं म्हणून अनाथाश्रमात पाठवतात, मला अरुशा आणि मोशी या शहरांकडे असे कितीतरी जण भेटले ज्यांना शाळा म्हणून आणलं आणि दिली भलतीच जागा (सफारी आणि किलिमांजारोमुळे सगळी गर्दी त्याच भागात असते). अनाथाश्रमाला मात्र सरळ नाही म्हणा. कंबोडियात हे नीट तपासलं गेलं तेव्हा अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी पालक जिवंत होते. बाहेरून लोक पैसे घेऊन येतात म्हणून मुलं घरातून उचलून तिथे ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी याची दखल घेतली, इतकं ते गंभीर आहे. आणि दर पंधरा दिवसांनी नवीन माणूस येऊन मांडीवर घेतो आणि निघून जातो, त्याने लहान पोराचं काय होत असेल ते सांगायची गरज नाही.

आता तुमच्या इंग्रजीबद्दल. टांझानियाच्या मुख्य भूमीवर सरकारी प्राथमिक शाळांचं माध्यम स्वाहिली आहे, इंग्रजी हा त्यातला एक विषय. सेकंडरीत गेलं की मात्र सगळं एकदम इंग्रजीत होतं आणि तिथे हुशार मुलंसुद्धा गळपटतात, त्यामुळे वरच्या वर्गांना इंग्रजीची मदत खरंच हवी असते. पण पहिली-दुसरीतल्या मुलासमोर तुम्ही फक्त इंग्रजी घेऊन उभे राहिलात तर तो तुमच्याकडे बघून गोड हसेल आणि त्यापलीकडे काही होणार नाही. स्वाहिली अवघड नाहीये हो, पाच स्वर, जसं लिहिलंय तसं वाचायचं, निघायच्या आधी दोन-तीन महिने रोज थोडं केलं तरी वर्गात निभावतं. बाकीचं मुलंच शिकवतात आणि फार प्रेमाने शिकवतात.

शिक्षकांची कमतरता आहे का तर आहे. युनेस्कोचा अंदाज आहे की 2030 पर्यंत जगभरात प्राथमिक आणि माध्यमिक मिळून 4.4 कोटी शिक्षक लागतील आणि त्यातले दीड कोटी एकट्या सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. पण हा आकडा वाचून लोकांना वाटतं की तिथे शिकवायला माणूसच नाही, तसं नाहीये. टांझानियात डीएड-बीएडसारखं ट्रेनिंग पूर्ण करून घरी बसलेली भरपूर तरुण मंडळी आहेत, सरकारकडे भरतीला पुरेसे पैसे नाहीत म्हणून वर्गांना शिक्षक नाहीत. म्हणून ज्या शाळेत तुम्हाला एकट्याला वर्ग सोपवतायत ती शाळा घेऊ नका. तुमची जागा वर्गशिक्षिकेच्या शेजारी, तिच्या हाताखाली. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, बाकी सगळे तपशील.

हाताखाली म्हणजे काय ते सांगते. माझ्या वर्गात एका बाकावर चार-चार मुलं, पुस्तक दोघातिघांत एक, मॅडम फळ्यावर वाक्य लिहिणार आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणणार. ऐकायला इतकं छान वाटतं की सगळ्यांना येतंय असंच वाटावं. मागच्या बाकावरचा एक मुलगा अख्खा धडा घडाघडा म्हणायचा, एकदा मी त्याच्या पुस्तकात मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं तर गप्प. शेजारणीकडे बघायला लागला. त्याला एकही अक्षर ओळखता येत नव्हतं, सगळं कानाने पाठ. आणि असा तो एकटा नव्हता. ऐंशी पोरांत मॅडमना हे शोधत बसायला वेळ कुठून मिळणार, त्या बाई सकाळपासून उभ्या असायच्या, त्यांच्याबद्दल मला आजही फार आदर आहे.

मग मॅडमशी बोलून अशी आठ-दहा मुलं रोज थोडा वेळ आंब्याच्या झाडाखाली घेऊन बसायला लागले. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे चौकोन कापले, त्यावर बा बे बी बो बू, का के की को कू असं लिहिलं (तिथे वाचन असंच अक्षरगटांनी शिकवतात, आपल्या बाराखडीसारखंच). मोजायला सोड्याच्या बाटल्यांची बुचं, ती तिथल्या बहुतेक शाळांत असतातच. या मुलाने एक दिवस कू आणि कू ही दोन कार्डं शेजारी ठेवली, कुकू म्हणजे कोंबडी, आणि बराच वेळ नुसतं त्याकडे बघत बसला, मग उठून थेट वर्गात मॅडमना ओढून आणायला पळाला. हे सगळं मॅडमसमोर आणि त्यांच्या सल्ल्याने चाललं म्हणून मी निघायच्या आधीच त्यांनी वर्गातल्या वरच्या मुलांना खालच्या मुलांसोबत कार्डं घेऊन बसवायला सुरुवात केली होती. मी एकटीने वर्ग चालवला असता तर माझ्याबरोबरच ते संपलं असतं. वयाऐवजी पातळीनुसार गट करायची ही पद्धत 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने भारतात उभी केली आणि आता झांबियासारख्या आफ्रिकन देशांतही चालते, जायच्या आधी त्याबद्दल नक्की वाचा. अनुभव नसलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही तयारीपेक्षा याचा उपयोग जास्त होईल. शिवाय जवळच्या कुठल्याही शाळेत किंवा अभ्यासवर्गात काही महिने पोरांना वाचायला शिकवून बघा, आवड आहे हे तेव्हा खरं कळतं.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. टांझानियात शाळेत छडी कायद्याने चालते. नियमांप्रमाणे फक्त मुख्याध्यापक किंवा त्यांनी लेखी परवानगी दिलेला शिक्षक मारू शकतो, चारपेक्षा जास्त फटके नाहीत आणि त्याची नोंद ठेवायची, प्रत्यक्षात हे सगळीकडे पाळलं जात नाही. तुम्हाला ते बघवणार नाही, मलाही बघवत नव्हतं. मी पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना शांतपणे सांगून टाकलं की मी मारणार नाही आणि माझ्याकडचं कुठलं मूल शिक्षेसाठी पाठवणारही नाही, त्यांनी मान्य केलं. चारचौघांत शिक्षकांना सुनावू नका, त्याने मूल वाचत नाही, फक्त तुमच्याशी बोलणं बंद होतं. पण गंभीर मारहाण दिसली तर ज्या संस्थेने पाठवलंय तिच्याकडे लेखी तक्रार करा, आणि अशी तक्रार कुणाकडे करायची हे निघायच्या आधीच विचारून ठेवा. ज्या संस्थेकडे याचं उत्तर नाही तिच्याबरोबर जाऊच नका. तुमचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट न मागता मुलांमध्ये सोडणारी संस्थाही नको, कारण ती बाकी कुणाचंच मागत नसणार.

व्हिसाचं एजन्सीने चुकीचं सांगितलंय. टुरिस्ट व्हिसावर शाळेत शिकवता येत नाही, पगार नसला तरी. स्वयंसेवकांसाठी क्लास सी रेसिडेन्स परमिट (तिथे राहण्याचा परवाना) असतं आणि त्यासाठी तिथल्या यजमान संस्थेनेच कागदपत्रं करायची असतात. पकडलं तर दंड आणि परत पाठवणी तुमच्या नावावर, एजन्सीच्या नाही. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारा, मच्छरदाणीत झोपा, बाकी तब्येतीचं फार टेन्शन घेऊ नका.

संस्था म्हणाल तर व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी ब्रिटिश संस्था 1958 पासून या क्षेत्रात आहे पण त्यांना शिकलेले, अनुभवी लोक लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन व्हॉलंटियर्सचंही साधारण तसंच, मात्र त्यांची ऑनलाइन व्हॉलंटियरिंगची सोय आहे ती घरी बसून करता येते आणि फुकट आहे. पीस कॉर्प्स या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक संस्थेचं नाव सगळे घेतात, ते फक्त अमेरिकन नागरिकांसाठी. एजन्सीतूनच जायचं असेल तर त्यांना आजच मेल टाका की शाळेचं नाव काय, ती सरकारी आहे का, माझ्या फीमधले किती पैसे शाळेला जातात, वर्गशिक्षक कोण असेल, परमिट कोण काढणार, आणि जूनऐवजी जुलैपासून पुढे सत्र संपेपर्यंत राहता येईल का. काय उत्तर येतं ते इथेच खाली टाका, मी वाचून सांगते.