माझ्या फायटर माशाने फेसाचं घरटं बांधलंय. आता मादी आणून त्याच टाकीत सोडली तर पिल्लं होतील का? टाकीत थोडे गप्पीही आहेत.

होतील, पण बहुतेक गप्पींच्या पोटात जातील. शिवाय ओळखपाळख न करता सोडलेली मादी रात्रीतून फाटक्या परांची होते किंवा मरते. तेव्हा थोडं थांबा.

नराच्या घरट्यावर फार जाऊ नका. वयात आलेला, धडधाकट फायटर आसपास मादी नसतानाही बुडबुडे काढत बसतो. तो तयार आहे एवढंच त्यातून कळतं. तुम्ही तयार आहात का, हा प्रश्न मोठा आहे. या माशांची अंडी मिळणं अवघड नसतं, पिल्लं जगवणं अवघड असतं. म्हणून मी कुणालाही मादी सगळ्यात शेवटी आणायला सांगतो. आधी खाणं, मग टाकी, मग जोडी.

खाण्याचं सांगतो, कारण बहुतेकांची पिल्लं इथेच जातात. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू जेमतेम तीन मिलिमीटरचं असतं. पहिले दोन-तीन दिवस पोटाला लागलेल्या पिवळ्या बलकावर निघतात. त्यानंतर त्याला तोंडात मावेल असं, हलणारं काहीतरी लागतं. दुकानातली बारीक पूड त्याला खाणं वाटतच नाही. ती तळाशी कुजते आणि पाणी तेवढं नासतं. सुरुवातीला इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव, चालतो: जुन्या टाकीचं पाणी बरणीत घ्या, त्यात सुकं पान किंवा कोबीचा तुकडा टाका आणि आठवडाभर उजेडात ठेवा. मला मात्र व्हिनेगरमधले सूक्ष्म कृमी जास्त भरवशाचे वाटतात. ते गोड्या पाण्यातही बराच काळ जिवंत राहतात आणि पृष्ठभागाजवळ वळवळत असतात, म्हणजे पिल्लांच्या अगदी समोर. मायक्रोवर्म हे दुसरे बारीक कृमी वाढवायला सोपे, शिजवलेल्या ओट्सवर चिमूटभर यीस्ट घातलं की फोफावतात. पण ते तळाशी जाऊन बसतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ब्राइन श्रिम्पची (खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जीवांची) ताजी पिल्लं द्या. मिठाच्या पाण्यात हवा सोडत ठेवली, पाणी २८ अंशांच्या आसपास असलं, की त्यांची अंडी साधारण २४ ते ३६ तासांत फुटतात. बारीक कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा, मगच टाकीत सोडा. पिल्लांची पोटं नारिंगी दिसू लागली की समजा, खातायत. या बरण्या जोडी लावायच्या निदान आठवडाभर आधी चालू असायला हव्यात. अंडी फुटल्यावर धावाधाव करून काही उपयोग नसतो.

टाकी वेगळी, ३० ते ४० लिटरची. पाणी मात्र १२ ते १५ सेंटिमीटरच, कारण नराला खाली पडलेलं प्रत्येक अंडं तोंडात धरून वर न्यायचं असतं. वाळू-खडी घालू नका, अंडी फटीत जातात. हीटर लावून २७-२८ अंश तापमान, एका कोपऱ्यात जावा मॉस या पाणशेवाळाचा भरपूर गुंता (मादीला लपायला), पृष्ठभागावर देशी बदामाचं सुकं पान किंवा उभा चिरलेला थर्माकोलचा पेला तरंगत, घरटं त्याच्या आडोशाला होतं. स्पंज फिल्टर असू द्या, पण सुरुवातीला बंद. वर घट्ट झाकण. त्याचं कारण पुढे येईल.

जोडी निवडताना लांबलचक शेपटीच्या देखण्या नराचा मोह पडतो. पहिल्या वेळेला प्लाकाट, म्हणजे आखूड परांचा फायटर बरा. पिसाऱ्याचं ओझं असलेल्या नराला मादीला नीट विळखा घालता येत नाही. वय पाच महिने ते वर्षभर. दोघांनाही आठ-दहा दिवस वेगवेगळं ठेवून जिवंत किंवा फ्रोझन खाणं चारा.

मग मादीला पारदर्शक बाटलीत घालून नराच्या टाकीत ठेवा. आता नुसतं बघायचं. तिच्या अंगावर उभे फिकट पट्टे आले, पोट फुगीर दिसलं, पोटाखाली पांढरा ठिपका आला आणि ती काचेकडे डोकं खाली करून येऊ लागली, तर ती राजी आहे. आडवे गडद पट्टे म्हणजे घाबरली आहे. अशीला सोडू नका. सोडल्यावर पाठलाग होणार, पर थोडे फाटणार, तेवढं चालतं. ती कोपऱ्यात दबून राहिली आणि तो मारतच सुटला, तर बाहेर काढा आणि काही दिवसांनी पुन्हा बघा.

जमलं तर नर तिच्याभोवती अंग वळवतो, दोघं क्षणभर बधिर होतात, अंडी पावसासारखी खाली पडतात आणि नर ती वेचून घरट्यात चिकटवतो. असं काही तास चालतं. नंतर तो तिला हाकलायला लागतो. त्या क्षणी मादी बाहेर.

नर राहू दे. रात्री मंद दिवा चालू ठेवला तर पडलेली अंडी त्याला दिसतात. पहिलटकर बाप कधीकधी सगळी अंडी खाऊन टाकतो. त्याला शिक्षा नाही, पुन्हा संधी द्यायची. २४ ते ४८ तासांत अंडी फुटतात. पिल्लं आधी शेपटी खाली करून लोंबकळतात, घसरतात, बाप पुन्हा वर ठेवतो. ती आडवी पोहू लागली की बापाचं काम संपलं. त्यालाही काढा, नाहीतर पिल्लांना खाणं समजेल.

आता झाकणाचं. फायटर वरची हवाही घेतो, त्यासाठी त्याच्या डोक्यात लॅबिरिंथ नावाचं इंद्रिय असतं. ते जन्मतः नसतं, तिसऱ्या आठवड्यापासून पुढे तयार होतं. त्या काळात पृष्ठभागावरची हवा पाण्याइतकीच उबदार आणि दमट लागते. थंड झोत आला की धडधाकट दिसणारी पिल्लंही मरतात. पाणीही थोडंथोडं, हवेच्या बारीक नळीने तळाची घाण ओढत बदला आणि नवं पाणी त्याच तापमानाचं घ्या. फिल्टर आता अगदी हळू.

आणि अवघड हिशेब हा: एका वेळी शंभर-दोनशे पिल्लं सहज निघू शकतात. दोन-तीन महिन्यांत नर एकमेकांचे पर कुरतडू लागले की प्रत्येकाला स्वतंत्र बरणी, प्रत्येक बरणीचं पाणी बदलणं, तेही उबदार. पन्नास बरण्यांना जागा आहे का ते आधी ठरवा. नसेल तर पहिल्याच दिवशी चमच्याने निम्म्याहून अधिक अंडी काढून टाका. कठोर वाटेल, पण गर्दीत खुरटलेली पिल्लं वाढवण्यापेक्षा बरं. उरलेली घ्यायला कोण तयार आहे हेही जोडी लावायच्या आधी विचारून ठेवा. कुणी मिळालं नाही म्हणून तळ्यात किंवा विहिरीत मात्र सोडू नका. ही थायलंडकडची जात आहे, आपल्याकडच्या पाण्यातली नाही.