एकाच सॅकमध्ये दोन ऋतू

प्रश्न : आम्ही दोघे मित्र नोव्हेंबरच्या मध्यास नेपाळमधील अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक करणार आहोत आणि तेथून परस्पर व्हिएतनामला जाऊन डिसेंबर-जानेवारीत हनोईपासून हो ची मिन्ह सिटीपर्यंत रेल्वेने, टप्प्याटप्प्याने उतरण्याचा बेत आहे. बर्फ आणि उकाडा या दोहोंसाठी लागणारे सगळे सामान येथूनच विकत घेऊन जावे, असे मित्राचे म्हणणे आहे. मला मात्र एवढे ओझे वाहणे अवघड वाटते. सह्याद्रीतील चढाईचा सराव दोघांनाही आहे. काय करावे?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ओझ्याबाबत तुमचे म्हणणे योग्य आहे. तुमच्या संपूर्ण प्रवासात हाडे गोठवणारी थंडी आहे ती ट्रेकच्या वरच्या टप्प्यातील मोजक्या रात्रींची, आणि तेवढ्यासाठी पिसे भरलेले जाड डाउन जॅकेट व उणे तापमानाची स्लीपिंग बॅग विकत घेऊन ती पुढे व्हिएतनामभर वागवण्यात काहीच अर्थ नाही. काठमांडूच्या थामेल भागात आणि पोखरा येथील लेकसाइडला या दोन्ही वस्तू दिवसाच्या हिशेबाने भाड्याने मिळतात. मात्र भाड्याची बॅग घेताना तिची चेन वरपासून खालपर्यंत दोन-तीनदा ओढून पाहावी, आणि बॅग उजेडासमोर धरून आतील पिसे गोळा होऊन काही कप्पे रिकामे तर पडलेले नाहीत ना, हे तपासावे. अशा रिकाम्या कप्प्यातूनच रात्री गारठा आत शिरतो.

स्वतःचे म्हणून न्यायचे ते थरांचे कपडे : अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जर्किन. हे तिन्ही दोन्ही देशांत उपयोगी पडतात. जीन्स घरीच ठेवावी, कारण ती एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. टॉवेलऐवजी पंचा न्यावा. तो लवकर वाळतो, आणि दक्षिणेतील उन्हात डोक्यालाही गुंडाळता येतो. आग्नेय आशियातील अनेक स्वस्त विमान कंपन्या केबिनमध्ये ७ किलोपर्यंतच सामान नेऊ देतात, हे लक्षात घेऊन सॅक भरावी. पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते. उंचीवरील थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून रात्री फोन व पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे.

व्हिएतनाम म्हणजे उकाडा, हा समज मात्र सोडावा. हनोईत जानेवारीचे सरासरी तापमान १६-१७ अंशांच्या आसपास असते. निफाडच्या थंडीत वाढलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण आपली थंडी कोरडी असते आणि दुपारी ऊन अंग शेकून काढते, तर तेथे अनेकदा दिवसभर आभाळ भरलेले असते, हवा दमट असते आणि साध्या हॉटेलांत खोली गरम करण्याची सोय बहुधा नसते. उत्तरेतील डोंगराळ भागातले सापा हे गाव तर सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे एखाद्या हिवाळ्यात हिमही पडते. मध्य किनाऱ्यावर, विशेषतः हुए शहरात, पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, तेव्हा आपण पावसाळी ट्रेकला करतो त्याप्रमाणे सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यातच कपडे भरावेत. हुए आणि दा नांग यांच्या मध्ये हाय वान खिंड आहे. उत्तरेकडून येणारी थंड हवा या डोंगररांगेपाशी बरीचशी अडते. त्यामुळे १,७२६ किलोमीटरच्या या लोहमार्गावर फ्लीस कोठे काढून ठेवायचा, याचा अंदाज तेथे येतो. पुढे सुती सैल कपडे आणि सँडल पुरेत. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा एक पातळ सदरा असावा.

तुम्ही विचारले नाही, पण कपड्यांहून महत्त्वाची गोष्ट उंचीची आहे. कळसूबाई १,६४६ मीटर आणि साल्हेर १,५६७ मीटर. ही शिखरे कितीही वेळा चढली तरी विरळ हवेची सवय होत नाही, आणि दमसास उत्तम असलेल्या तरुणालाही उंचीचा त्रास होऊ शकतो. बेस कॅम्प ४,१३० मीटरवर आहे. सुमारे ३,२३० मीटरवरील देउरालीहून एका दिवसात थेट वर जाणारे पुष्कळ असतात. तुम्ही मात्र सुमारे ३,७०० मीटरवरील माछापुच्छ्रे बेस कॅम्पला एक मुक्काम करावा. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. उंचीचा त्रास टाळण्यासाठीचे डायमॉक्स हे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास तसे त्यांना आवर्जून सांगावे.

दोघांनी निघण्यापूर्वीच एक गोष्ट ठरवून टाकावी. एकाचे डोके दुखत असेल, मळमळ होत असेल, तर त्या दिवशी दोघांनीही वर जायचे नाही. त्रास वाढला, तर दोघांनीही उतरायचे. वर पोहोचल्यावर, समोर शिखर दिसत असताना, असा विषय काढणे आजारी मित्राला फार जड जाते आणि तो दुखणे लपवतो. प्रवास विमा घेताना तो या उंचीपर्यंत आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्यासाठी लागू आहे का, तेही वाचून घ्यावे.

प्रश्न : डिसेंबरमध्ये मैत्रिणीबरोबर थायलंडमधील चिआंग माई आणि को सामुई येथे जात आहे. या दिवसांत तेथे पाऊस नसतो ना?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : चिआंग माईला नसतो, तेथील पहाट गार असते, आणि जवळच्या दोई इन्थानोन या २,५६५ मीटरच्या शिखरावर तर चांगलेच गारठायला होते, तेव्हा स्वेटर न्यावा. को सामुईचे तसे नाही. ज्या ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे चेन्नईत हिवाळ्याच्या तोंडावर पाऊस होतो, त्यांचाच पाऊस सामुईला ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये झोडपतो. तिकिटे काढली नसतील तर त्याऐवजी पश्चिम किनाऱ्यावरील क्राबी अथवा फुकेत निवडावे, कारण अंदमान समुद्राची ती बाजू या काळात कोरडी असते.