भाड्याच्या जागेतल्या कोब्यावर किती खर्च करावा?

कोपरखैरण्याच्या वाचक भगिनींना सप्रेम नमस्कार.

आपण तळमजल्यावरील बारा बाय दहा फुटांच्या भाड्याच्या खोलीत भाजणी, मेतकूट आणि पिठे तयार करून विकता. खोलीतील कोबा उघडा असल्याने कितीही झाडले तरी सिमेंटची धूळ निघत राहते, म्हणून पाच महिन्यांनी पूर्ण होणारी मुदत ठेव मोडून सोळा हजारांत इपॉक्सी, म्हणजे कोब्यावर चिकटून कडक होणारा राळेचा लेप, करून घ्यावे का, असे आपण विचारले आहे. सोबत टाइल्सचा एकवीस हजारांचा आणि कोबा घासून त्यावर सिलिकेट हार्डनर (कोबा कठीण करणारे द्रावण) व सीलर (वरून देण्याचा संरक्षक हात) देण्याचा सहा हजारांचा असे आणखी दोन अंदाजही आपण कळवले आहेत.

माझ्या मते येथे निर्णायक आकडा आहे तो आपल्या लिव्ह अँड लायसन्स कराराचे उरलेले वीस महिने. जमिनीवर चिकटवलेली कोणतीही वस्तू जागा सोडताना बरोबर नेता येत नाही, त्यामुळे खर्चाला या महिन्यांनी भागायला हवे, आणि भागण्यापूर्वी त्यात बंद दिवसांचे नुकसान मिळवायला हवे, जे आपल्या पत्रातील हिशेबात आलेलेच नाही. आपला रोजचा नफा नऊशे रुपये आहे. इपॉक्सीवर दुसऱ्या दिवशी चालता येत असले तरी ते पूर्ण पक्के व्हायला साधारण आठवडा लागतो, आणि तोवर वासाच्या खोलीत पीठ ठेवणे मला तरी पटत नाही. सात दिवसांचे सहा हजार तीनशे धरले की खर्च बावीस हजार तीनशे, म्हणजे महिना एक हजार एकशे पंधरा रुपये होतो. टाइल्सना चार दिवस धरल्यास महिना एक हजार दोनशे तीस, आणि हार्डनरला दोन दिवस धरल्यास तीनशे नव्वद. करार वाढेल या आशेवर आज पैसे घालू नयेत.

इपॉक्सीबाबत मला पैशांपेक्षाही मोठी शंका ओलीची वाटते. खाडीलगतच्या भागात तळमजल्याच्या कोब्यातून, विशेषतः पावसाळ्यात, ओल वर येते. इपॉक्सीचा थर ती अडवतो आणि अखेर फुगून त्याचे पोपडे निघतात. खाद्यपदार्थांच्या जागेसाठी अन्नसुरक्षेच्या नियमांतही जमीन गुळगुळीत, सहज धुता येणारी आणि रंगाचे पोपडे न निघणारी असावी, अशी अपेक्षा आहे. तेव्हा सोळा हजार खर्चून भाजणीत पोपडे पडण्याची सोय करण्यात अर्थ नाही. कंत्राटदाराला होकार देण्यापूर्वी दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने कोब्यावर घट्ट बसवून किमान सोळा तास ठेवावा. काढताना आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला असेल, तर इपॉक्सीचा विचार सोडून द्यावा. ही परीक्षा उन्हाळ्यात उत्तीर्ण झाली तरी जुलैत पुन्हा करून पाहावी.

सिलिकेट हार्डनर वर थर धरत नाही. तो कोब्यात मुरतो, तेथील मोकळ्या चुन्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन कठीण संयुग तयार होते आणि धूळ थांबते. मात्र तो तेल अडवत नाही. त्यावरचा सीलर डाग मुरण्याचा वेग कमी करतो इतकेच. म्हणून तेलाच्या डब्याखाली परात ठेवावी, सांडलेले लगेच पुसावे, आणि बाथरूम धुण्याचे ॲसिड या खोलीत आणूच नये. चकचकीतपणा टाइल्सइतका येणार नाही, पण ओल्या फडक्याने पुसल्यावर फडके राखाडी होणे थांबले की आपले काम झाले.

राहिला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न. सहा हजारांसाठी ठेव मोडू नये. मुदतीपूर्वी मोडल्यास ठेव जितका काळ राहिली त्या काळाचा दर लागू होतो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. दोन महिन्यांच्या विक्रीतून तीन-तीन हजार बाजूला काढता येतील, आणि घाई असेलच तर ठेवीवरील ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर मिळणारी उचल, घ्यावा, ज्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा सामान्यतः एक-दोन टक्केच अधिक असतो. क्रेडिट कार्डाचे हप्ते यासाठी नकोत. आपण उलाढालीच्या ठरावीक टक्क्यावर नफा धरून कर भरता, त्यामुळे या खर्चाची वेगळी वजावट मिळणार नाही. कर वाचेल म्हणून महागडा पर्याय घ्या, हा आपल्या भाच्याचा सल्ला आपल्याला लागू पडत नाही.

टाइल्सच हव्या असतील तर त्या मालकांच्या खर्चाने व्हाव्यात, कारण लाभ त्यांच्या मालमत्तेला होणार आहे. त्यांनी निम्मा खर्च उचलला आणि त्याचबरोबर नोंदणीकृत करार तीन वर्षांसाठी नव्याने करून दिला, तर आपला वाटा साडेदहा हजार व बंद दिवसांचे तीन हजार सहाशे मिळून छत्तीस महिन्यांत महिना सुमारे तीनशे ब्याण्णव रुपये पडतो, जो हार्डनरच्या जवळपास आहे. अशा स्थितीत टाइल्स खुशाल घ्याव्यात. मात्र ही तजवीज तोंडी न ठेवता करारातच लिहून घ्यावी, आणि जागा सोडताना जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी आपल्यावर राहणार नाही, असे वाक्यही त्यात घालून घ्यावे.